पणजोबांचं कातडं

नवल मोच्याने म्यान उजेडाकडे धरून अंगठ्याने हलकेच दाबलं. काळ्या कातड्याचा एक पापुद्रा सुटून त्याच्या मांडीवर पडला.

"मावशी, हाई जुनं व्हयी गयं म्हनून फाटेल नई," तो म्हणाला. "हाई भाजेल शे."

शांतीबाईंनी पदराने ओठांवरचा घाम टिपला. म्हसावदलाही मोची होता. पण त्याच्याकडे नेलं असतं, तर दिवस मावळायच्या आत सगळ्या भाऊबंदांना कळलं असतं. म्हणून त्या लग्नाच्या बांगड्यांचं निमित्त सांगून एकट्याच शहाद्याला आल्या होत्या. पिशवीत बांगड्या वर होत्या आणि म्यान खाली.

"तेल लावं व्हतं," त्या म्हणाल्या. "मुराले उन्हमा ठेवं."

घराच्या धाब्यावर कुरडया वाळत होत्या, तिथेच कोपऱ्यात. संध्याकाळी कुरडया खाली आल्या, म्यान वरच राहिलं. तीन दिवस, मे महिन्याच्या उन्हात.

उद्या नातवाची, योगेंद्रची हळद. हळद लागली की लग्नाचे देव उठेपर्यंत नवरदेवाने कट्यार सोडायची नाही, झोपला तरी ती उशाशी हवी. नऊ घरांच्या भाऊबंदांत कट्यार एकच, आणि तिच्या म्यानाचं कातडं पणजोबांनी स्वतःच्या हाताने चढवलेलं. थोरल्या जाऊबाई, दगूबाई, हे प्रत्येक मांडवात सांगत. चाळीस वर्षं कट्यार त्यांच्याच पेटीत होती. यंदा डोळे पुरते गेले, तेव्हा त्यांनी ती शांतीबाईंच्या हातात दिली.

"नुसती संभाय," त्या म्हणाल्या होत्या. "काई करू नको. तुले भलती घाई ऱ्हास."

शांतीबाईंच्या लग्नात कट्यारीच्या टोकाला खोचलेलं लिंबू भर मांडवात गळून पडलं होतं. ते नवरदेवाच्या हातून पडलं, पण पन्नास वर्षं ते शांतीबाईंच्या नावावर होतं. दूध नासलं, म्हैस आटली, की दगूबाईंना ते लिंबू आठवे. दोन वर्षांपूर्वी योगेंद्रचं ठरलेलं लग्न हळदीच्या आठवड्यात मोडलं, तेव्हाही आठवलंच.

उद्या हळदीला कट्यार दगूबाईच नवरदेवाच्या हातात देणार. हे आपलं म्यान नाही, एवढं त्या म्हणाल्या तरी पुरे. हळद थांबेल, आणि मुलीकडच्यांना फोन जायला कितीसा वेळ.

"व्हयी का काई?" त्यांनी विचारलं.

"आतल्या लाकडी चिपा चांगल्या शेतस. कातडं मात्र गयं."

नवलने रापीने मागची शिवण उसवली. कातडं चिपांवरून सोलून त्याने उलटं केलं, आणि तो थांबला.

"कितलं वरीसनं म्हनतस तुम्ही?"

"शंभरना वर."

"मंग हाई काय शे?"

आतून कातडं तांबूस, अजून मऊ होतं. एका कडेला बक्कलाची दोन भोकं, ओढून ओढून लांबट झालेली. त्यांच्याखाली ठोकून उमटवलेला आकडा होता, ४१.

"पिशवीनं कातडं शे मावशी. कोनी तरी पहिलेच बदली टाकेल शे."

शांतीबाईंनी आकड्यावर बोट टेकवलं. नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या तेव्हा ही पिशवी ओसरीच्या खुंटीवर असायची. दगूबाईंचे मालक, उदेसिंगदादा, पोस्टमन होते. त्यांची सायकल दिसली की गल्लीतली पोरं ओरडत, 'एक्केचाळीस उना, एक्केचाळीस उना.' दादा गेले आणि दोन वर्षांनी दगूबाईंच्या मुलाचं लग्न निघालं. त्या लग्नाआधी दगूबाई आठ दिवस कोणाला पेटीपाशी फिरकू देत नव्हत्या.

"तुन्हाकडे जुनं कातडं शे का?" त्यांनी विचारलं. "चमकाले नको."

त्याने पेटीतून एका घोड्याच्या खोगिराचा तुकडा काढला, भिजवला, चिपांवर ओढून घेतला. मेण लावलेल्या दोऱ्याने तो टाके घालत गेला. शांतीबाई प्रत्येक टाका बघत होत्या. चारची बस गेली, पाचची गेली. शेवटी त्याने काजळ आणि मेण चोळून म्यान कापडात गुंडाळलं.

"सावलीमा सुकाडा," तो म्हणाला. "आते तरी धाब्यावर नका ठेवू."

उसवलेलं कातडं तो फेकायला निघाला, तसा शांतीबाईंनी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मांडवात योगेंद्र पाटावर बसला. सून मोहिनीने हळदीची वाटी पुढे ठेवली. शांतीबाईंनी कट्यार दगूबाईंच्या ओच्यात दिली आणि त्या शेजारीच बसून राहिल्या.

दगूबाईंची बोटं मुठीवरून म्यानावर उतरली. मागच्या शिवणीवरून अंगठा हळूहळू खाली गेला, निम्म्यावर थांबला, परत वर आला. बायकांचं गाणं संपलं. दुसरं कोणी उचललं नाही.

"मोठी माय, काय व्हयनं?" मोहिनीने विचारलं.

दगूबाईंचा अंगठा शिवणीवर तसाच होता.

शांतीबाईंचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. घडी केलेला कातड्याचा तुकडा त्यांनी मुठीत घेतला. सगळ्या भाऊबंदांचे डोळे इकडेच होते. एका शब्दात पन्नास वर्षांचं लिंबू फिटलं असतं.

त्यांनी पदराआडून तो तुकडा दगूबाईंच्या डाव्या हातात ठेवला.

दगूबाईंची बोटं त्यावरून फिरली. एक भोक सापडलं. मग दुसरं. मग आकडा. तिथे बोटं बराच वेळ थांबली. मग मूठ मिटली आणि ओच्यात गेली.

"आपलंच शे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पणजोबाना हातनं. ले रे योगेंद्र, धर. आनि खाली ठेवू नको."

गाणं पुन्हा सुरू झालं. हळदीची पहिली बोटं योगेंद्रच्या गालाला लागली. फोटोवाला पुढे सरसावला, तशा दगूबाई शांतीबाईंकडे झुकल्या.

"तुन्हाकडे बी उंदीर?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऊन," शांतीबाई म्हणाल्या.