भैयाजीचा खोकला

भैयाजीनं उभी हयात आलापल्लीच्या सागवनात लाकूडतोड्यांची मुकादमी केली. वाघाची डरकाळी ऐकूनही त्यानं कधी हातातली बिडी विझवली नव्हती. असा हा माणूस पौषात सुनेपुढं नमला, तेही साध्या खोकल्यापायी.

नात दीड महिन्याची होती. सकाळी तिला मांडीवर घेऊन घरातल्या शेकोटीजवळ बसायचं, हा त्याचा नेम. त्या दिवशी त्यानं खोकत खोकतच हात पुढं केले, तर सून कमळानं पोरीला पदराखाली घेतलं.

"मामाजी, खोकला जाईस्तोवर पोरीले हात नाई लावाचा."

"काऊन? थंडीचा खोकला हाये. हवेनं येते, हवेनं जाते."

"एकाच्या तोंडातून निघते अन् दुसऱ्याच्या छातीत जाते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगतलं. खोकलताना दुपट्टा धरा, हात साबणानं धुवा. अन् घरात धूर नोको."

तिनं शेकोटी अंगणात नेली. भैयाजीनं दाद मागायला बायकोकडं पाहिलं. रंभा तांदूळ पाखडत म्हणाली, "चाळीस वर्षं मी बिडी सोडा म्हणून राह्यली, माहं आयकलं काय? आता सुनेचं आयका."

दुसऱ्या दिवशी भैयाजी जिभेखाली गुळाचा खडा ठेवून पाळण्याजवळ आला. "गेला खोकला," त्यानं शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं.

"मंग एका दमात वीसपर्यंत मोजा."

मुकादमाला मोजायला सांगते! भैयाजीनं ऐटीत सुरुवात केली. अकरावर आवाज घोगरा झाला, बारावर गुळाचा खडाच बाहेर उडाला. रंभाला हसताना सूप खाली ठेवावं लागलं.

तिसऱ्या रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला. सकाळी कमळानं पुन्हा मोजायला लावलं. भैयाजी चारच्या पुढं जाऊ शकला नाही. खोकला आला नव्हता. दमच पुरला नाही. बरगडीत कळ येत होती. या वेळी कोणी हसलं नाही.

"गाडी जुंपा," कमळा नवऱ्याला म्हणाली. "काढा पाजून भागाचं नाई आता."

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली आणि न्यूमोनिया म्हणून सुया सुरू केल्या. ताप उतरल्यावर भैयाजीनं त्यांना एकच विचारलं, "घरी तान्ही नात हाये. तिले काई होईन काय?"

"तिला जवळ घेत होता?"

"सुनेनं घेऊ देल्ली नाई."

"शहाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या लेकराला हे सोसलं नसतं."

त्या दिवशी भैयाजीनं बिडीचं बंडल शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही दिलं नाही. मुलाला ते दवाखान्यामागच्या चुलीत टाकायला लावलं.

पंधरा दिवसांनी तो घरी आला. अंगणात कोणी न सांगता त्यानं साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले आणि पाळण्यापासून चांगला दहा हात लांब बसला.

"या ना मामाजी, घ्या पोरीले," कमळा म्हणाली.

"राहू दे आणखी दोन दिवस."

"डॉक्टर हो म्हणाले. मी विचारलं."

तिनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली. पोरीनं आजोबाकडं नीट पाहून घेतलं आणि त्याचं धुतलेलं धोतर ओलं केलं. भैयाजी जराही हलला नाही.