रॉनण्णाची दुरंगी जर्सी

फोनवर जयतीर्थचा निरोप आला तेव्हा तुंगाचं निम्मं लक्ष पाळण्याकडे होतं. रत्नू झोपली होती, पण ती झोपली म्हणजे तुंगाचा जीव भांड्यात पडला असं कधी होत नसे. श्वासात शीळ वाजतेय का, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का, हे वाकून पाहिल्याशिवाय ती पाळण्याची दोरी सोडत नसे. आत्ता शीळ नव्हती. की होती? पुढच्या खोलीत मशीन धडधडत असताना दीड वर्षाच्या पोरीची शीळ ऐकू तरी कशी यावी?

ती फोन घेऊन पुढे गेली. म्हैसूरच्या अग्रहारातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. कॉलेजांच्या संघांच्या जर्सी, शाळांचे गणवेश, सणासुदीला शेजारपाजारच्या झंपर-परकरांचा ढीग. कापायच्या टेबलाशी सासरे विठ्ठलराव, खिडकीपाशी नवरा गुंडू, आणि उंबऱ्यावर उजेडात पाय पसरून काजं-बटणं करणाऱ्या सासूबाई, सोयराबाई. फोनवरच्या ऑर्डरी मात्र तुंगाच्या खात्यात, कारण घरात बी.कॉम. तेवढी तीच. हवेत नेहमीसारखे कापडाचे बारीक तंतू तरंगत होते. उन्हाच्या तिरिपेत ते छान चमकायचे. तुंगाला ती चमक बघवत नसे.

"मामंजी, ऑस्ट्रेलियाहून ऑर्डर आलीय. एकच जर्सी."

"एकच? सातासमुद्रापारून एकच? कोण हा शहाणा?"

"जयतीर्थ. त्यांच्या वडिलांचे कोट तुम्ही शिवायचात ना, जयलक्ष्मीपुरमचे? जयतीर्थ आता तिकडचेच झालेत, बायकोही तिकडचीच. तिच्या वडिलांसाठी हवीय. जयतीर्थचा भाऊ रविवारी निघतोय, त्याच्याबरोबर पाठवायची."

तिने चित्र दाखवलं. बिनबाह्यांची जर्सी, छातीच्या मधोमध उभी दुभागलेली. डावी बाजू तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, उजवी गडद निळी, तिच्यावर पिवळा तिरका पट्टा.

विठ्ठलरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "अर्धी एक, अर्धी एक. विदूषकाला शिवायचीय काय?"

सोयराबाईंनी मान उंचावून पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. "अय्यो, कोण आजारी आहे त्यांच्याकडे?"

"आजारी कुणी नाही, आत्या."

"मग दोन घरचं कापड कशाला जोडतायत? माप किती?"

"छाती चव्वेचाळीस."

"केवढं हे बाळ!" सोयराबाई म्हणाल्या, आणि गुंडूला हसू फुटलं.

तुंगा मात्र हसली नाही. हे बोलणं कुठून आलं ते तिला ठाऊक होतं. सोयराबाईंच्या माहेरी रीत होती : मुलाची प्रकृती तोळामासा असली की पाच घरी जाऊन कापडाचा एकेक तुकडा मागायचा आणि त्याचं झबलं शिवून मुलाला घालायचं. म्हणजे जीव न्यायला येणाऱ्याला कळतच नाही की हे लेकरू नेमकं कुणाचं. रत्नूसाठी त्यांनी चार घरचे तुकडे मागून आणलेही होते. पाचव्या घरासाठी सुनेनं स्वतः पदर पसरायचा, असा नेम. तुंगा आज जाते, उद्या जाते करत टाळत होती. पोरीला डॉक्टरला दाखवायचं की चिंध्या गोळा करायच्या? खांद्यावर एक जागा मोकळी असलेलं ते झबलं आतल्या खोलीत खुंटीवर तसंच लटकत होतं.

"जयतीर्थचा सासरा फुटबॉल खेळायचा," तिने सांगायला घेतलं. "तिकडचा फुटबॉल वेगळा असतो. चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट, पायाने मारतात तसा हातानेही ठोसतात. अठरा-अठरा जण. वर्षाअखेरीला जो क्लब शेवटचा सामना जिंकतो त्याला प्रीमियरशिप मिळते. हा रॉन त्यांच्या गावाकडच्या लीगमध्ये होता. आधी तांबड्या-पांढऱ्या क्लबकडून प्रीमियरशिप जिंकला. मग क्लब बदलला, आणि निळ्यांकडूनही जिंकला. दोन्ही क्लबांना जिंकून देणारे असे मोजकेच असतात म्हणे."

विठ्ठलरावांनी खडू खाली ठेवला. "थांब. आधी जिंकला, आणि मग सोडलं?"

"हो."

"हरल्यावर सोडतात माणसं. जिंकल्यावर कोण सोडतं? हाकलला असेल."

"नाही मामंजी. स्वतःहून गेला."

"मग तो रॉनण्णा काही सरळ माणूस नव्हे," विठ्ठलरावांनी निकाल दिला, आणि खिडकीपाशी गुंडूची कात्री कापडातच थांबली.

तुंगाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

कारण असं होतं, की मागच्या आठवड्यात लसीचं निमित्त सांगून दोघं बाइकवरून शहराबाहेर हूटगळ्ळीला घर बघून आली होती. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीसमोर मोकळा प्लॉट, भिंतींना अजून रंगाचा वास. रत्नू तिथल्या फरशीवर अर्धा तास खेळली आणि एकदाही खोकली नाही. डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं : औषधं मी देईन, वाफेचं यंत्रही देईन, पण हिला कापडाच्या धुळीतून बाहेर काढा, नाहीतर हे दुखणं जन्माचं होईल. घरमालकाला रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वडिलांना सांगायचं काम गुंडूनं अंगावर घेतलं होतं. रोज तो बापाजवळ जाऊन उभा राही, तोंड उघडी, आणि विचारी, "अप्पा, पांढरा दोरा कुठाय?" घरात पांढऱ्या दोऱ्याची रिळं डोळ्यांसमोर रचलेली.

त्याचंही चूक नव्हतं. विठ्ठलरावांची मान आता टेबलावर फार वेळ वाकत नव्हती. कापण्याचं बहुतेक काम गुंडूच्या हातात होतं. तो गेला तर दुकानाचा उजवा हातच गेला. त्यांचा धाकटा भाऊ असाच वेगळा झाला होता, आणि बैठकीतल्या घरच्यांच्या मोठ्या फोटोत त्याचा चेहरा झाकेल असं विठ्ठलरावांनी देवाचं कॅलेंडर टांगलं होतं. पंचवीस वर्षं दर जानेवारीला कॅलेंडर बदलायचं. जागा तीच.

जर्सीचं काम शुक्रवारी निघालं. आणि तेही अडलं. पट्ट्यांचं कापड ताणलं की लांबायचं, निळं मात्र हटवादी, जागचं हलायचं नाही. मधली टीप घातली की सापासारखी वळायची. विठ्ठलरावांनी ती दोनदा उसवली. त्या रॉनण्णावरचा त्यांचा रागही टिपेगणिक वाढत होता.

"विचार ग त्या जयतीर्थाला," ते एकाएकी म्हणाले. "सोडून गेला तेव्हा पहिल्या क्लबवाल्यांनी काय केलं?"

तुंगाने विचारलं. उत्तर बोलक्या निरोपात आलं, आणि तिने ते सगळ्यांना ऐकवलं. जयतीर्थाची मराठी आता नाकातून यायला लागली होती, पण अधेमधे म्हैसूरचं 'अष्टे', म्हणजे 'बस, एवढंच', तसंच होतं. "काय करणार? बोलणं टाकलं. क्लबच्या हॉलमध्ये जिंकलेल्या संघाचा फोटो होता, तो उतरवला. एकट्याला कसं काढणार, म्हणून सगळा फोटोच उतरवला. अष्टे. आता नवीन पोरांनी तो परत लावलाय, आणि जेवणाला बोलावलंय त्यांना. पुढच्या शनिवारी. त्यासाठीच ही जर्सी. पण रॉनमामा म्हणतात, मी गाडीतच बसेन, आत कोण कोण आहे ते बघेन, मग ठरवेन. घाबरलेत हो. ऐंशीचा माणूस."

विठ्ठलरावांनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"फोटो उतरवला," विठ्ठलराव म्हणाले. "आणि कप? त्याच्या जिवावर जिंकलेला कप परत केला का?"

"कप कसा परत करतील, अप्पा?" गुंडू म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. कप ठेवला, माणूस टाकला." आणि मग, आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकल्यासारखे ते पुन्हा टेबलावर वाकले. त्यांनी बैठकीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे तुंगाला दिसलं. ती असलं काही चुकवत नसे.

आता बोलावं का? तिने गुंडूकडे पाहिलं. गुंडू उठला, बापाजवळ गेला, तोंड उघडलं.

"अप्पा, पांढरा..."

तेवढ्यात आतून खोकला आला. साधा नाही. एकामागून एक, मध्ये श्वासाला जागा न ठेवणारा. तुंगा धावली. रत्नूचे ओठ फिकट, मान मागे टाकलेली, छातीत कुत्र्याच्या पिल्लासारखं कुंईकुंई. यंत्र, औषधाची कुपी, नाकातोंडावरचा मास्क. हात आपोआप चालत होते, आणि डोकं मात्र दर वेळी नव्यानंच भिऊन जात होतं. या वेळी नाही थांबलं तर? या वेळी रिक्षा नाही मिळाली तर? पुढचं मशीन बंद झालं होतं. दारात तिघंही येऊन उभी होती आणि कुणीच आत येत नव्हतं.

वाफ संपली. शीळ हळूहळू बारीक झाली. रत्नूनं डोळे उघडले, आजीकडे पाहून चिडून हात हलवला. तिचा घामेजलेला तळवा पुसताना तुंगाला दोन बोटांच्या बेचक्यात एक तांबडा तंतू सापडला. रॉनण्णाच्या पट्ट्यांचा.

ती तो बोटावर घेऊन उठली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामंजी, आम्ही हूटगळ्ळीला घर बघितलंय. जाणार आहोत. घरमालकाला रविवारी सांगायचंय."

आवाज वाटला होता तेवढा कापला नाही. विठ्ठलराव तिच्या बोटाकडेही बघेनात.

"बघून आलात? कधी?"

"लसीच्या दिवशी," गुंडू म्हणाला.

"म्हणजे लस नव्हतीच. बरंय!" त्यांचा आवाज चढला. "त्या रॉनण्णाला निदान दुसऱ्या क्लबनं बोलावलं होतं. तुम्हाला कोण बोलावतंय तिकडे? कोण ओळखतं तुम्हाला हूटगळ्ळीत? फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायचं, दार लावून जेवायचं!"

"कुणी बोलावलेलं नाही," तुंगा म्हणाली. "कुणी ओळखत नाही. मी स्वतःही तिकडे जायला भितेय. पण इथे हिला श्वास घेता येत नाही, मामंजी. तुम्ही काय वाटेल ते म्हणा. कॅलेंडर टांगायचं तर टांगा."

हे शेवटचं तिच्या तोंडून निसटलं. सोयराबाईंनी "अग!" म्हणून तोंडाला पदर लावला. आता वीज पडणार, म्हणून गुंडू बायकोच्या पुढे येऊन उभा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच बाप आणि बायको यांच्या मध्ये तो असा उभा राहत होता.

विठ्ठलराव वळले आणि पुढच्या खोलीत गेले. मशीन सुरू झालं नाही. मग उसवण्याचा आवाज, टर्र, टर्र. तिसऱ्यांदा.

"गुंडू," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. माझी मान राहत नाही. धर."

तुंगा दाराआडून पाहत राहिली. बापाने दोन्ही कापडांच्या मध्ये पांढऱ्या सुती पट्टीची एक चिंचोळी घडी ठेवली होती. "याला ओढू नको, त्यालाही ओढू नको. दोघांना या पट्टीवर बसव. आणि शिवणीच्या आत माया भरपूर ठेव. म्हातारा माणूस आहे, वाळला तर आत घेतील, सुटला तर सोडतील." टीप पडली. या वेळी ती वळली नाही.

"पुढच्या आठवड्याअखेरीला कॉलेजचं कापड येणार आहे," कापडावरची नजर न काढता विठ्ठलराव म्हणाले. "हूटगळ्ळीहून पहिली बस किती वाजता?"

गुंडूने मान वर केली. "बाइक आहे ना, अप्पा."

"पावसात बाइक नको. बसने ये. आणि घरात शिरण्याआधी तिकडे कपडे झाडून बदलत जा. नाहीतर धूळ घेऊन जाशील बरोबर. साकु, बोलत बसू नको, गळपट्टी लाव."

साकु म्हणजे पुरे. पण पुरे झालेलं नव्हतं, हे तुंगाला कळत होतं. ते तिच्याशी बोलले नव्हते. रात्री जेवतानाही नाही. बैठकीतलं कॅलेंडरही जागचं हललं नव्हतं.

रविवारी सकाळी जर्सी कागदात बांधून जयतीर्थाच्या भावाकडे गेली. त्याआधी विठ्ठलरावांनी ती तुंगापुढे टेबलावर टाकली आणि प्रथमच तोंड उघडलं. "लिहून कळव त्या रॉनण्णाला. म्हणावं, गाडीत बसू नको. आत जा." तिने तसंच लिहिलं. पाठवल्यावर फोन उलटा ठेवला. आत गेल्यावर कुणी ओळख दाखवली नाही तर? मग हे म्हैसूरचे शिंपी काय उत्तर देणार?

दोन दिवसांनी सामान बांधताना सोयराबाई खुंटीवरचं झबलं काढून घेऊन आल्या. दुकानाच्या धुळीतलं म्हणून त्यांनी ते धुवून, उन्हात वाळवून आणलं होतं. चार घरचे तुकडे, खांद्यावर मोकळी जागा, आणि तिथे टोचलेली दोऱ्यासकट सुई.

"पाचवं घर तिकडचंच बघ," त्या म्हणाल्या. "शेजारणीचं दार वाजव आणि तुकडा माग. हसेल ती. हसू दे. मागितल्याशिवाय कोण कुणाचं शेजारी होतं?"

तुंगाच्या ओठांवर 'आत्या, या गोष्टींनी काही होत नाही' आलं होतं. ते तिने गिळलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि झबलं तिने एकाच पिशवीत ठेवलं, सुई टोचू नये म्हणून टोकाला बुचाचा तुकडा लावून.

हूटगळ्ळीच्या घराच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं होती. घर बघायला गेली होती त्या दिवशी समोरच्या दारातून एक बाई डोकावली होती, आणि रत्नूला पाहून, कोण जाणे का, दार लावून घेतलं होतं. बाहेरच्या दोरीवर तिची निळी सुती साडी वाळत होती. चांगलं, वापरून मऊ झालेलं कापड. रिक्षा निघाली, मांडीवर रत्नू झोपली. तिच्या छातीवर हात ठेवून तुंगा तिचे श्वास अजमावत होती, आणि कन्नडमध्ये शब्द जुळवत होती. अक्का, एक तुकडा द्याल का? छे. आधी नाव सांगावं. आधी साखर मागावी का? नको, थेट तुकडाच.

रिंग रोडला रिक्षाचा वेग वाढला, वारं आत घुसलं. तिने पदराने पोरीचं नाक झाकलं, आणि मग थोडं थांबून, पदर बाजूला केला.