दंडाचे तिसरे मूळ

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन कक्षात मी पस्तीस वर्षे स्नायूंची चित्रे काढली. तरीही त्या शनिवारी काढलेले हाताचे चित्र घरी येऊन पुस्तकाशी ताडून पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, पुस्तकात वर दोन मुळांनी खांद्याच्या फऱ्याला चिकटला होता. मी तिसरेही मूळ काढले होते, दंडाच्या हाडाच्या मध्यावरून निघून त्या दोघांना मिळणारे.

दीड महिन्यापूर्वीच उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. नसलेले दिसू लागले असेल, तर माझे काम संपले. या चित्रांवरून मुले शिकतात आणि पुढे माणसांवर सुरी चालवतात.

हिने मला बाल्कनीतल्या दोरीवरचे चिमटे मोजायला लावले.

“चौदा.”

“चौदाच आहेत. मिटा आता ते पुस्तक.”

“चिमटे ठळक असतात गं.”

“अहो, तुम्हाला डोळ्याची नाही, संशयाची शस्त्रक्रिया हवी होती!”

ती आत गेली आणि मी खोडरबर उचलला. तिसरे मूळ पुसायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

सोमवारी शरीररचना शिकवणाऱ्या बाईंसमोर कागद ठेवला. त्या माझ्या मुलीहून लहान. ‘हे माझे शेवटचे चित्र’ हे वाक्य मी वाटेत चारदा घोकले होते, पण तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारले,

“काका, तिसरं कुठंय?”

“तिसरं काय?”

“मूळ! त्याच्यासाठीच तर हा हात तुम्हाला दिला.”

मी खाली मान घालून म्हणालो, “काढलं होतं. पुस्तकात नव्हतं, म्हणून पुसलं. वाटलं, डोळाच गेला.”

बाई हसल्या नाहीत. मला टेबलापाशी नेऊन त्यांनी ओले कापड बाजूला केले आणि चिमट्याने एक पट्टी हलकेच उचलली. होती. मी काढली होती तिथेच. त्यांनी ती ओढली, तसा खालचा हात कोपरात जरासा वाकला.

“बघा, कामही करतंय. बरोबरच्या दोघांसारखंच कोपर वाकवतं. दहातल्या एखाद्याला असतं असं.”

“मग मला आधी सांगायचं ना, बाई!”

“सांगितलं असतं, तर तुम्ही माझं ऐकून काढलं असतं. मला तुम्ही पाहिलेलं हवं होतं.”

बाईंनी स्टूल पुढे सरकवले. बसल्याबसल्या मी हिला फोन लावला.

“तीन आहेत!”

“काय तीन?”

“मुळं. खरोखरची.”

“म्हणजे डोळा ठणठणीत. मी काय वेगळं सांगत होते? पण माझं ऐकतंय कोण!”

मला हसू आवरेना. मागच्या टेबलापाशी शिकणारी दोन मुले वळून पाहू लागली. एरवी मी शरमेने लाल झालो असतो. बाई विचारत होत्या, पुढच्या महिन्यात पायाच्या चित्रांचे काम आहे, जमेल का. मी ‘हो’ म्हणालो, ‘बघू’ म्हणालो नाही. मग कागद जवळ ओढला. पुसलेल्या जागी तो खरबरीत झाला होता, पेन्सिल अडखळत होती. पुस्तक न उघडता, त्या हाताकडे बघत बघत, मी तिसरे मूळ पुन्हा काढायला घेतले.