सगळ्यांनी उड्या मारल्या तेव्हा

हार्डकोर म्हणजे नेमकं कोण, यावर मंगळवारी आमच्या टोळीची रीतसर सभा झाली. विषयपत्रिकाही होती. टोळीचं नाव रूसे शहरावरून ‘रूसेचे लांडगे’, ऑनलाइन खेळाचं नाव ‘सात खिंडी’. टोळीप्रमुख स्विलेनकाका, वय चव्वेचाळीस. ते दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी हेडफोन लावून आम्हाला.

“आठवड्यातून चार दिवस वेळेवर येतो, तो हार्डकोर,” काका म्हणाले. ते चार दिवस येतात.

“छे! रोज आठ तास खेळतो, तो,” मोमचिल म्हणाला. तो सध्या बेकार आहे.

“तास काय मोजतोस, मठ्ठा? ज्याला आकडे पाठ आहेत, तो,” राडकामावशी म्हणाल्या. त्या विदिन शहरातल्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई. कुठली तलवार किती लागते हे त्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे.

थोडक्यात, प्रत्येकाच्या व्याख्येत तो स्वतः बरोब्बर मावत होता आणि शेजारचा बोटभर बाहेर राहत होता. बाहेरचा तो कॅज्युअल, म्हणजे टाइमपासवाला.

मी इस्क्रा, वय सोळा, खेळात वैद्य. मी म्हटलं, “माझ्या वैद्याला एकच जीव आहे.”

पात्र बनवताना खेळ विचारतो, साधं की एकजीवी? साधं मेलं की स्मशानात उठतं आणि पुन्हा पळत येतं. एकजीवी मेलं की पुसलं जातं, नावासकट. जिवंत असेपर्यंत त्याच्या डोक्यावर एक मेणबत्ती जळत असते. मी दोन वर्षांपूर्वी ‘एकजीवी’ निवडलं. तेव्हापासून माझ्या वैद्याच्या डोक्यावरची मेणबत्ती विझलेली नाही.

“अगं, कारण तू दोन वर्षं नदीवर मासे धरतेयस!” मोमचिल खिदळला.

“तीनशे बारा जातींचे.”

“बघा! कॅज्युअल!”

“एका संध्याकाळी चाळीस वेळा मरतोस तू, आणि कॅज्युअल मी?”

“मरणं हा सरावाचा भाग आहे, पोरी,” काका म्हणाले आणि सभा संपली. माझं नाव कॅज्युअलमध्ये गेलं. कॅज्युअलना गुरुवारी सातव्या खिंडीत नेत नाहीत. मी रडले वगैरे नाही. एक कार्प धरला आणि सोडून दिला.

गुरुवारी टोळीची नेहमीची वैद्य चेरीची फळं उतरवायला गावी गेली. तिथे नेट नाही. साडेसहाला काकांचा आवाज आला, “इस्क्रा, बाळा, मोकळी आहेस का?”

“कॅज्युअल माणसं मोकळीच असतात, काका.”

“टोमणे नंतर मार. आज येतेस का? तुझं नाव गुरुवारच्या यादीत कायमचं घालतो.”

मला ती यादी फार हवी होती. मेले तर दोन वर्षं पुसली जाणार, हेही पक्कं ठाऊक होतं. मी गेले.

सातव्या खिंडीत दगडी रेडा असतो, त्याला मारायचं. आम्ही दहा जण होतो. पहिली दहा मिनिटं मी सगळ्यांना छान जिवंत ठेवलं. मग मोमचिल नको तिथे उभा राहिला आणि दोघंजण मेले.

आता टोळीची एक रीत सांगते. लढाई हातची गेली की कोणी रेंगाळत मरत बसायचं नाही. प्रमुखाने “उड्या!” म्हणायचं आणि सगळ्यांनी डावीकडच्या दरीत उडी घ्यायची. एकदम मेलं की वेळ वाचतो. चार मिनिटं वाचतात.

“उड्या!” काका ओरडले.

बाकीच्या सातही जणांनी मारल्या. माझं बोटही कळीवर गेलं. खरं तेच सांगते, गेलं. कारण त्या हाकेत पहिल्यांदाच मी होते. मग मी बोट उचललं.

“नाही.”

“काय नाही? मार उडी! वेळ जातोय!”

“काका, मला एकच जीव आहे.”

हेडफोनमध्ये वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“अरे देवा,” राडकामावशी म्हणाल्या. “मंगळवारी सांगितलं होतं की तिने, स्विलेन. मुद्दा चौथा.”

रेडा एव्हाना माझ्यावर वळला होता. पण नदीकाठी अस्वलं असतात, त्यामुळे पळणं मला येतं. दाराबाहेर पोचले तेव्हा नखाएवढा जीव उरला होता. मेणबत्ती पेटलेली होती. रेडा परत जाऊन झोपला.

मागे नऊ मुडदे. लढाई थांबली की जिवंत वैद्य त्यांना जागच्या जागी उठवू शकते. नाहीतर स्मशानापासून दहा मिनिटं पळत यायचं. मी दरीच्या काठावर जाऊन उभी राहिले.

“उठव ना गं,” मोमचिल म्हणाला.

“उठवते. आधी सांग, मी कोण?”

“हार्डकोर! एक नंबरची!”

उठवला.

“व्याख्या अजून ठरलेली नाही, बाळ,” मावशी म्हणाल्या. “पण पळालीस एकदम अचूक. मी लिहून ठेवलंय.” त्यांनाही उठवलं. बाकीच्या सहा जणांनी तर विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

“मी असल्या धमक्यांना भीक घालत नाही,” काका म्हणाले.

“बरं,” मी म्हटलं.

ते स्मशानात उठले आणि निघाले. आम्ही नऊ जण दारात बसून राहिलो. मोमचिलने गळाला काय लावतात ते विचारलं. मी सांगितलं, मावशींनी लिहून घेतलं. दहा मिनिटांनी काका पोचले. पात्राला धाप लागत नाही, पण काकांना लागली होती.

“नाव यादीत राहील,” ते म्हणाले. “यापुढे ‘उड्या’ म्हटलं की तू दाराकडे पळायचं.”

“आणि हार्डकोर?”

“ते मंगळवारी बघू. रांगेत उभे राहा सगळे.”