चौथी हाक

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. कैरोच्या शुब्रा भागात इन्साफमावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जाला मी दोरीने बांधलेली असायचे. आता माझ्या बुडाला भोक पडलंय आणि शेजारच्या फथियाबाई माझ्यात कांदे ठेवतात. कांद्यांबद्दल माझी तक्रार नाही. ते निदान मुकाट्याने पडून असतात.

फय्यूमकडच्या एका बाईने मला खजुराच्या पातीपासून विणलं. इन्साफमावशीने बाजारात मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि म्हणाली, "हिच्यात माझी सासू बसवली तरी तुटायची नाही!" तेव्हापासून माझं आयुष्य म्हणजे नुसतं वर आणि खाली. जिने उतरायचा कंटाळा, म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी टोपल्या सोडतात. मी गरम भाकऱ्या वर नेल्या, टोमॅटो नेले, उकडलेले वाल नेले. गल्लीत माझं कौतुक होतं. "इन्साफच्या टोपलीत अंडंसुद्धा फुटत नाही," असं लोक म्हणत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एके दुपारी मावशी सज्जात जेवायला बसली होती. खालून एक हडकुळा सुदानी पोरगा खोली शोधत चालला होता. मावशीने रीतीप्रमाणे हाक मारली, "या जेवायला!" पोरगा थेट वर आला, हात धुतले आणि ताटावर बसला. मावशी बघतच राहिली. मग अख्खी गल्ली हसली. अशा बोलावण्याला इथे नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. नाईलच्या मधोमध बसलेला नावाडी काठावरच्याला "या जेवायला" म्हणतो, तो येणार कसा? बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात!

त्या पोराचं नाव तिजानी. ओमदुर्मानचा. त्याच्या गावात बोलावलं म्हणजे बोलावलं. मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा वारलेला. तिने त्याला जेवू घातलं, मागची खोली दिली आणि शहाणपणही दिलं. "या शहरात तीनदा नको म्हणायचं, बाळा. चौथ्यांदा हाक आली तर खरी समजायची. नाहीतर लोक हावरट म्हणतात."

शेतीचं शिक्षण पुरं होईपर्यंत तो तिथेच राहिला. रोज सकाळी काहीतरी विसरून धावत खाली जायचा आणि मी त्याच्यामागे वही नाहीतर चष्मा घेऊन उतरायचे. ते दिवस माझे सर्वांत सुखाचे. मग तो गेला आणि लांब कुठल्यातरी थंड देशात नोकरीला लागला. इकडे आमच्या इमारतीतून कुणीतरी गॅसची टाकी पळवली, तेव्हापासून खालच्या दाराला कुलूप लागलं. येणाऱ्यासाठी किल्ली रुमालात बांधून मावशी मला खाली सोडू लागली. तिजानीच्या वेळी ते दार सताड उघडं असायचं.

परवाच्या शरदात मी खाली वालाच्या गाडीपाशी होते. एक पिकल्या केसांचा माणूस आला आणि त्याने माझ्या कडेवर हात ठेवला. "ही तीच टोपली!" तो गाडीवाल्याला म्हणाला, "आमच्याकडच्या लढाईत माझं घर गेलं हो. आता घरी आलो म्हणावं, असा हा एवढाच जिना उरलाय."

मग त्याने वर तोंड करून हाक मारली, "मावशी! ओ इन्साफमावशी! मी तिजानी!"

मावशी कठड्याला धरून वाकली. "कोण, तो खादाड? मेल्या, जिवंत आहेस होय? वर ये, मोलोखियाची पालेभाजी शिजतेय."

"नको मावशी, उगाच त्रास. संध्याकाळचं विमान आहे."

मावशीने घाईघाईने मला वर ओढलं, वाल काढले, किल्लीचा रुमाल तळाशी टाकला आणि मला पुन्हा खाली सोडलं. "कसला त्रास? ये की!"

"आत्ताच खाल्लंय!" तो म्हणाला. मी त्याच्या पोटाशी लटकत होते. आत कावळे ओरडत होते.

"दोन घास तरी?"

"नको, खरंच नको."

तीन नकार पुरे झाले. त्याने मिठाईचा डबा माझ्यात ठेवला, बरोबर रुमालावर. त्याला वाटलं, टोपली भेटवस्तूसाठीच आली. वरून मावशीला दिसलं ते एवढंच, की किल्ली त्याच्या हाताशी गेली आणि त्याने घेतली नाही. मी मधे लोंबकळत होते. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

तो वर बघत थांबला. मावशीने मुकाट्याने दोरी ओढली. चौथी हाक आली नाही. गल्लीच्या टोकाशी तो पुन्हा थांबला, आणि मग वळून दिसेनासा झाला.

मावशीने डबा बाजूला ठेवला आणि रुमाल सोडला. "किल्ली परत पाठवली," ती म्हणाली. "मोठा माणूस झाला." मांडलेल्या दोन ताटांपैकी एक तिने उचललं, मग दुसरंही उचललं. डबा तिने कधी उघडला नाही. त्याला मुंग्या लागल्या. फथियाबाईंपाशी मात्र रोज त्या किल्लीचंच रडगाणं. हिवाळ्यात मावशी गेली.

फथियाबाईंनी मला आपल्या घरी नेलं. वसंतात एकदा त्यांचा फोन वाजला. कुठूनसा नंबर मिळवून तिजानीच बोलत होता. "मावशीला सांगा, पुढच्या खेपेला नक्की जेवेन. चौथ्यांदा म्हणाली असती, तर तेव्हाच उडत वर आलो असतो."

"अरे बाबा," फथियाबाई म्हणाल्या, "रुमालात दाराची किल्ली पाठवली होती तिनं. आणखी कशी म्हणणार होती?"

मग फथियाबाईंनी त्याला उरलेलं सांगितलं.

मित्रांनो, माझं भोक बुजवा, मला ऊन दाखवा, असं काही मी मागत नाही. माझं व्हायचं ते झालं. पण ज्या घरी तुम्हाला मनापासून जायचंय, तिथून बोलावणं आलं, तर लाजू नका, रीत बघू नका. पहिल्या हाकेलाच जिना चढा.

तिजानीला आता तिथून कुणीच बोलावणार नाही.