पेल्यातले पाणी

मी एक जुना काचेचा पेला आहे. काठाला टवका उडालेला, सभागृहाच्या खिडकीत पडलेला. कोणीतरी माझ्यात मोडके खडू टाकून ठेवले आहेत. मित्रांनो, माझ्या आरपार दिसते. तरीही माझ्यात जे घडले ते कोणाला दिसले नाही, याचा मला अजून राग येतो.

माझा जन्म भट्टीतला. जन्मतः मी इतका तापट होतो, की चिमट्याशिवाय मला कोणी हात लावत नसे. पुढे थंड झालो, पण स्वभाव काही गेला नाही. आम्ही सहा भावंडे पेंढ्यात गुंडाळून या वस्तीच्या सभागृहात आलो. पाच जण इथल्या पंगतींत फुटले. मी उरलो, आणि वक्त्यांच्या टेबलावर बसण्याचा मान मला मिळाला. सभागृहाची राखण करणाऱ्या मावशी मला घासून, पुसून उजेडात धरत. "पिणाऱ्याला तळ दिसला पाहिजे," असे त्या म्हणत.

सभागृहामागे वस्तीची विहीर होती. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला आणि त्याचे पाणी झिरपत विहिरीत उतरू लागले. पाणी दिसायला स्वच्छच होते. पण वस्तीत औषधांचे दुकान चालवणारे दादा रोज बघत होते, अंगावरचे चट्टे आणि पोटदुखी घेऊन किती माणसे दुकानात येतात ते. त्यांनी पाणी तपासून आणले आणि ते निवडणुकीला उभे राहिले.

त्यांची पहिली सभा मला आठवते. मला उचलताना त्यांचा हात थरथरत होता.

"विहीर बंद करावी लागेल," ते म्हणाले. "नळ यायला दोन वर्षं लागतील. तोवर टेकडीवरून पाणी आणायचं. त्रास होईल, पण दुसरा उपाय नाही."

मागून कोणीतरी ओरडले, "म्हणजे आम्ही हंडे वाहायचे आणि तुम्ही खुर्चीत बसायचं?"

सभागृह खो खो हसले. दादांच्या विरुद्ध उभा असलेला ठेकेदार म्हणत होता, की आपल्या विहिरीचे पाणी म्हणजे अमृत. लोकांना अमृत आवडले. दादांची अनामत रक्कमही जप्त झाली.

त्यांच्यावर विश्वास ठेवला तो एकट्या मावशींनी. त्यांना एक आईवेगळी नात होती. तिला विहिरीचा थेंबही त्यांनी पाजला नाही. रोज टेकडी चढून हंडा आणत. बायका चिडवत, "मावशी, देवाच्या भेटीला निघालात का?" मावशी नुसत्या हसत आणि कंबर धरून चालत राहत.

पुढची निवडणूक आली. सभेच्या आधी आतल्या खोलीत दादा आणि त्यांचा मेहुणा असे दोघेच होते. तिसरा मी.

"मागच्या वेळी खरं बोललात. काय पदरात पडलं?" मेहुण्याने विचारले.

"पण विहीर तशीच आहे रे."

"असू दे की! आधी निवडून या. मग खुर्चीत बसून खुशाल बंद करा. हरलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतं?"

दादा बराच वेळ मला हातात फिरवत राहिले. मला वाटले, हा माणूस मला खाली ठेवेल. त्यांनी मला पुढे धरले. मेहुण्याने घरून आणलेल्या बाटलीतून मला काठोकाठ भरले.

मंचावर विहिरीच्या पाण्याची बादली ठेवली होती. मी तिच्या मागे होतो. दादा वाकले, बादलीत हात घातल्यासारखे केले आणि मला उंच धरले.

"हे आपल्या विहिरीचं पाणी!" असे म्हणून त्यांनी मला तळापर्यंत रिकामे केले.

काय टाळ्या पडल्या! मित्रांनो, मी त्याच वेळी फुटायला हवे होते.

दाराशी मावशी फडके घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दादा पितात म्हणजे पाणी नक्की सुधारलं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "खरं बोलून हरलेला माणूस आहे तो. तो कशाला खोटं करेल?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हंडा विहिरीवर जाऊ लागला. त्यांच्या दुखऱ्या कंबरेला आराम पडला.

दादा निवडून आले. विहीर मात्र बंद झाली नाही. कशी होणार? बंद केली असती, तर त्या दिवशी आपण काय प्यायलो हे सांगावे लागले असते.

हळूहळू मावशींच्या नातीचे पाय सुजू लागले, मग चेहरा. मूत्रपिंडे बिघडली, असे डॉक्टर म्हणाले. तिची औषधे दादांच्याच दुकानातून येत. दादा त्यांत सवलत देत, आणि लोक म्हणत, किती मोठ्या मनाचा माणूस!

तिसऱ्या निवडणुकीच्या सभेत मावशींनी सगळ्यांसमोर विहिरीतून पाणी शेंदून आणले. मला भरले आणि दादांपुढे ठेवले.

"घ्या दादा. तुमचंच पाणी आहे."

दादांचा चेहरा उतरला. "आत्ताच चहा झाला, मावशी," ते म्हणाले.

मग ते तासभर बोलले. घसा कोरडा पडला, ठसका लागला. हात माझ्याकडे येई आणि मागे जाई. पुढच्या रांगेने पाहिले, मागच्या रांगेने पाहिले. मला वाटले, आता कोणीतरी उठेल. कोणीतरी उठलेही.

"नळ कधी येणार?" त्याने विचारले.

"येत्या वर्षात! हा माझा शब्द!" दादांनी टेबलावर मूठ आपटली. मी आडवा झालो, काठाचा टवका उडाला आणि पाणी सतरंजीवर सांडले. टाळ्यांमध्ये तो आवाज कोणी ऐकला नाही. दादा पुन्हा निवडून आले, मागच्या वेळेपेक्षा जास्त मतांनी.

मावशींनी त्यानंतर मला घासले नाही. काम सोडून त्या नातीला घेऊन इस्पितळाच्या फेऱ्या मारतात. मी इथे खडू सांभाळत बसलो आहे.

मित्रांनो, मला पुन्हा टेबलावर ठेवा असे मी म्हणत नाही. एवढेच करा. कोणी तुमच्यासमोर पाणी पिऊन दाखवले, तर टाळी वाजवण्याआधी ते कुठून भरले ते विचारा. आणि कोणी थरथरत्या हाताने तुम्हाला नको असलेले खरे सांगायला उभा राहिला, तर त्याला हसू नका. हसलात, तर पुढच्या वेळी तोही घरून बाटली घेऊन येईल.