वाडग्यातला शेवटचा घोट

झाकणावर पाण्याचे बारीक तुषार उडवून चिझुरूने वाडगं हिसामात्सुंपुढे ठेवलं. पाहुण्यापुढे जातं तसंच. दव पडल्यासारखं ते झाकण म्हणजे वाटेत कुणी उघडलं नसल्याची खूण.

मुख्य आचारी हिसामात्सु महिनाअखेरीस काम सोडणार होते. गुडघे साथ देत नव्हते. सूपची चूल कुणाकडे जायची हे त्यांनीच ठरवायचं होतं. मालकीणबाईंनी ओसाकाच्या एका आचाऱ्याशी बोलणीही करून ठेवली होती. चिझुरू आराकी क्योतोच्या या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं होती आणि तिला संधी मिळणार होती ती या एका सकाळची.

तिने कशात कसूर केली नव्हती. कोम्बू, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची दोन वर्षं मुरलेली रुंद पट्टी, तिने विहिरीच्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवली होती, उकळी फुटू न देता. ती काढल्यावर धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या कुपा माशाचा ताजा कीस टाकला, दहापर्यंत मोजलं आणि गाळलं. वाम माशाच्या तुकड्याला कातडी शाबूत ठेवून काटे तुटतील इतके जवळजवळ छेद दिले. गरम पाण्यात तो पांढऱ्या फुलासारखा उमलला. मग मीठ, सोया सॉसचे चार थेंब. लहान बशीत घोटभर घेऊन चाखलं. चव नेमकी होती.

हिसामात्सुंनी वाडग्याची कड दाबून झाकण सोडवलं. तीन घोट घेतले, आणि वाडगं तिच्याकडे सरकवलं.

"पहिला घोट माझ्यापेक्षा चांगला," ते म्हणाले. "उरलेलं तू पी."

मासे कापणारा साकाता मागून म्हणाला, "बारा वर्षांनी का होईना, चिझुरूसानला कुणी वाढलं."

तो थट्टा करत होता, पण खरं तेच होतं. वाडगं पाहुण्यांचं असतं. आचारी बशीतून चाखतो आणि पुढच्या कामाला लागतो. या घरचं सूप तिने आजवर कधी पूर्ण प्यायलं नव्हतं.

दुसरा घोट छान होता. चौथ्याला जीभ जड झाली. मिठावर मीठ चढत गेलं, त्यात माशाचा रस उतरला. शेवटचा घोट तिने कसाबसा गिळला.

हिसामात्सुंनी तिला सांगितलं की त्यांचीही अकरा वर्षं अशीच बशीतून चाखण्यात गेली होती. एका पाहुण्याने वाडगं अर्धवट टाकलं, ते त्यांनी मोरीपाशी उभं राहून संपवलं तेव्हा कुठे चूक कळली.

"पाहुणा बशीतून पीत नाही, चिझुरू. आता ओसाकावाल्याला फोन लावू, की तासभर थांबू?"

"थांबा," ती म्हणाली.

या वेळी तिने मीठ बरंच कमी केलं. बशीत चाखलं तर जवळपास काहीच नाही, समुद्राजवळून नुसतं वाहून आलेलं कोमट पाणी. हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि दोन वाडगी भरून वर हिरव्या युझू लिंबाच्या सालीची चकती ठेवली.

दोघं समोरासमोर बसून प्यायली. पहिला घोट आला तसा गेला. दुसऱ्याला माशाचा गोडवा जाणवला. मग धूर, मग सालीचा वास, एकमेकांना वाट करून देत. शेवटच्या घोटाला सगळं जागेवर येऊन बसलं, आणि त्यात ना काही जास्त होतं ना कमी. पाणी, शेवाळ, मासा, एवढंच तर होतं. हजारो वेळा तिच्या हातून गेलेलं. हे आजवर कुठे होतं? तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

हिसामात्सुंनी आपलं रिकामं वाडगं बाजूला ठेवलं आणि साकाताला सांगितलं, मालकीणबाईंना कळव, ओसाकाहून कुणाला बोलवायची गरज नाही.

चिझुरूने विचारलं, "दर वेळी असंच होतं?"

"नाही. पाणी बदलतं, मासा बदलतो. म्हणून तर चुलीपाशी माणूस लागतं." ते गुडघ्यावर हात रेटून उठले. "दुपारी आठ पाहुणे आहेत. लाग कामाला."